लाखाचं अत्तर

मी लेकरायले तेल लावते. म्हणजे बाळंतिणीची मालिश, लेकराची मालिश, त्याची आंघोळ, शेक, धुरी, सव्वा महिना सगळं. साकोलीत कोणाच्या घरी पाळणा हालला का पयला फोन डॉक्टरले अन् दुसरा मले. आता यात विमानतळावरची कस्टमवाली मॅडम कुठून आली, असं तुमी म्हणसाल. मले पण तेच वाटत होतं बाप्पा, जवा मी तिच्या टेबलासमोर हात जोडून उभी होती.

साकोलीजवळ एकोडीले माझं सासर. नववीत दोनदा बसली, तिसऱ्यांदा घरच्यायनं लग्नालेच बसवलं. हे काम मले सासूनं शिकवलं. पिढ्यावर बसाचं, पाय लांब कराचे, लेकरू नडग्यावर पालथं घ्याचं, तिळाचं तेल कोमट करून तळहाताले लावाचं अन् मानेपासून खाली उतरत जाचं. सासू म्हणते, "हात घाबरला का लेकरू रडते." माझं तर सगळंच घाबरते, एक हात सोडून. लेकरू हातात आहे तोवर मी कोणाले भीत नाही. लेकरू खाली ठेवलं का मंग मले पालीची भीती, बँकेतल्या शिपायाची भीती, फोनवर कोणी इंग्रजी बोललं तर त्याची भीती.

अन् गिऱ्हाईकं म्हणजे एक एक नमुना. एका घरी लेकराचा बाप मोबाईल घेऊन माझ्या डोक्यावर उभा राहे. त्या मोबाईलमधी कोणतीतरी बाई तेल लावून राहिली, अन् हा मले सांगे, "ताई, ते डाव्या पायापासून सुरू करते." मी म्हटलं, "भाऊ, तिच्या लेकराचा डावा पाय आधी आला असन. आपल्या लेकराचे दोन्ही संगच आले." दुसऱ्या एका घरी आजीले नातीचं नाक बसकं वाटे. रोज म्हणे, "ओढ गं जरासंक, लग्नाच्या कामी येईन." मी रोज ओढल्यासारखं करो, अन् आजी रोज म्हणे का आज फरक पडला.

पैसे ठरलेले असते, पण खरा मान बारशाच्या दिवशी. त्या दिवशी मालिशवालीले आहेर करा लागते. अन् आमच्या इकडच्या आहेराची एक रीत आहे, ते सांगितल्याबिगर पुढची गोष्ट समजणार नाही. लग्न असो का बारसं, मांडवात एक जण वही घेऊन बसते. देणारा येते, वस्तू ठेवते अन् किंमत सांगते. साडी पाचशेची असन तर पंधराशे सांगते. वहीवाला मुकाट्यानं लिहिते अन् माइकवर ओरडते. घेणारा घरी जाऊन शेजारणीले दोन हजार सांगते. यात कोणी फसत नाही, काहून का खरी किंमत सगळ्यायलेच मालूम असते. पण आहेराची किंमत खाली सांगणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं. मी लहानपणापासून हेच पाहत आली, अन् हेच घेऊन विमानात बसली.

मले विमानात बसवलं निर्मलाकाकूनं. काकूचं साकोलीत कापडाचं दुकान आहे, घराणं जुनं विणकरायचं. काकू बारीकशी आहे, पण आवाज असा का दुकानात बोलली तर बस स्टॉपवरचा माणूस वळून पाहते. काकू "रंजूचा हात चांगला आहे" म्हणाली म्हणून मले अर्धी साकोली बोलावते. अन् काकू एक दिवस "रंजूचा हात बिघडला" म्हणाली तर तेच अर्धी साकोली मले ओळख पण दाखवणार नाही. हे मले झोपेत पण मालूम असते.

काकूची पोरगी पल्लवीताई शारजाले राहते. पहिलटकरीण. काकू एक दिवस घरी आली अन् उभ्याउभ्याच म्हणाली, "रंजू, तिकडच्या नर्सायले मालिश समजत नाही. तू माझ्यासंग चाल. दोन महिने. तिकीट आमचं, पगार आमचा, घाबरणं तुझं."

पगाराचा आकडा ऐकून आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, खाटेवरून उठून बसले. ते ऑटो चालवतात, उगाच उठून बसत नाहीत. त्या पैशात अंगणाच्या कोपऱ्यात एक खोली होत होती, नळ, फरशी अन् पाणी गरम कराची टाकी. खोली झाली का बाया लेकरं घेऊन माझ्याकडे येतील. माहीले कडेवर घेऊन, तेलाची पिशवी खांद्यावर टाकून, घरोघर फिरा लागणार नाही. माही म्हणजे माझी पोट्टी, तवा दोन वर्षाची. दुसऱ्याचं लेकरू सांभाळाले आपलं लेकरू टाकून चालली मी. रात्री तिच्या टाळूवर तेल घातलं अन् घालतच राहिली, सासू म्हणाली, "पुरे कर, पोट्टीचं लोणचं घालते का?"

शारजाले पल्लवीताईचं घर चौदाव्या मजल्यावर. तिथं तिसऱ्या दिवशीच माझं कर्म आडवं आलं. लेकराले धुरी देणं जरूरी असते, अन् धुरी म्हटलं का गोवरी पायजे. काकूनं साकोलीवरून चार गोवऱ्या साड्यायच्या घडीत घालून आणल्या होत्या, कोणाले पत्ता नाही, मले पण नाही. पेटी उघडली तर मले गोठ्याचा वास आला अन् माय, घरची आठवण येऊन रडूच आलं. गोवरी तव्यावर पेटवली, वरून ओवा अन् शेपा टाकला. धूर झाला मस्त. लेकरू शांत, बाळंतीण शांत, अन् वरती छताले चिकटलेली एक पांढरी डबी बोंबलाले लागली. मंग जिन्यातली बोंबलली. मंग चौदाच्या चौदा मजले बोंबलले. सगळी बिल्डिंग पायऱ्या उतरून खाली, कोणी टॉवेलवर, कोणी कढई हातात घेऊन. काकूच्या डोक्याले मेंदी होती, वरून पिशवी बांधलेली. लाल गाडी आली. मोठ्ठा बूट घातलेला एक वर्दीवाला आला अन् हिंदीत विचारलं, "क्या जला?"

जावईबापू माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, "गोबर, साहब."

त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. मंग तो म्हणाला, "दोबारा हुआ तो पुलिस आएगी." त्या दिवसापासून वर्दी दिसली का मी वाट बदलते.

पण लेकरू दोन महिन्यात असं गुबगुबीत झालं का पल्लवीताईच्या ओळखीच्या सगळ्या बाया पाहाले येत. बारसं धूमधडाक्यात झालं. तिकडे आपल्या भाषेवाल्या वीसेक बाया जमल्या. मले मधात बसवलं, कुंकू लावलं अन् आहेर सुरू झाला. कोणी गुबगुबीत कांबळ दिलं, "सात हजाराचं आहे हं." कोणी मिक्सर दिला, "दहाचा आहे." मी सगळ्यायच्या पाया पडली. मंग काकू उठली. हातात मखमलीची लाल डबी. डबीत सोनेरी झाकणाची बाटली. काकूनं डबी वर धरली अन् त्या आवाजात म्हणाली, "माझ्या नातवाले जिनं सोन्यासारखं घडवलं, त्या रंजूले माझ्याकडून... लाखाचं अत्तर!"

बायायनं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, अन् मंग ध्यानात आलं का आपल्याले पाया पडाचं आहे.

आता खरी गोष्ट सांगते. आदल्या दिवशी आमी तिघं मोठ्या दुकानात गेलो होतो, काकू, मी अन् ढकलगाडीत लेकरू. पैसे द्याच्या जागेपाशी एक टोपली होती, तिच्यावर मोठा आकडा अन् भडक रंगाची पट्टी, दोन घेतले तर तिसरं फुकट. काकूनं दोन बाटल्या आपल्या दोन विहिणींसाठी घेतल्या. दुकानवाल्यानं तिसरी वरून टाकली, डबीसकट. मी खांबामागं लेकराले थोपटून राहिली होती. काकूले मी दिसली नाही. मी सगळं पाहिलं.

तर लाखाचं अत्तर म्हणजे फुकटची तिसरी बाटली. मले याचं काई वाईट वाटलं नाही, शप्पथ. आहेर आहे, आहेरात असंच राहते. अन् मले अत्तर लागतेच कायले? मी दिवसभर तिळाच्या तेलाच्या वासात. मी तर उलट रीतीप्रमाणं घरी फोन करून सांगितलं, "काकूनं दीड लाखाचं अत्तर दिलं."

इथंच घोळ झाला. आमच्या घरचे ऑटोत बसून मोबाईलवर काय काय वाचत राहतात. त्यायनं उलट फोन केला, आवाज एकदम बारीक. "अवं, बाहेरदेशातून एवढ्या किमतीचा माल आणला तर कर लागते. लपवला अन् सापडला तर जप्ती होते. जेल पण होते म्हणतात. तू काई लपवू नको. विचारलं तर खरं खरं सांगजो."

"कोणतं खरं?" मी विचारलं.

"खरं म्हणजे खरं," ते म्हणाले, अन् फोन कटला.

मंग मी काय झोपते? विमानात बसल्यापासून मले माही दिसे, गजाच्या पल्याड उभी, अन् मी अल्याड. काकूले सांगितलं तर काकू म्हणाली, "बावळट आहे का तू? नागपूरले उतरलं का दोन रस्ते असतात, एक हिरवा अन् एक लाल. लाल रस्ता ज्याच्याजवळ कर लागाचा माल आहे त्याचा. आपण हिरव्यातून जाचं. मान खाली घालाची अन् चालाचं. मी गोवऱ्या घेऊन गेली तवा कोणी विचारलं?"

नागपूरले उतरलो. सामान घेतलं. काकू पुढं, तिची गाडी भरलेली, मी मागं, माझ्या गाडीवर कांबळ, मिक्सर अन् वरती लाल डबी. हिरवा रस्ता दिसला. लोकं आरामात चालून राहिले होते, कोणी कोणाले पुसत नव्हतं. अन् त्या रस्त्याच्या तोंडापाशी पांढऱ्या वर्दीतला एक माणूस उभा. तो माझ्याकडे पाहून हासला. बस, फक्त हासला. गाडी आपोआप वळली अन् मी लाल रस्त्यानं पळत सुटली. मागून काकू, "रंजू! ए रंजू! तिकडे कायले मरून राहिली!"

लाल रस्त्यावर एकही माणूस नव्हता. टेबलामागं एक मॅडम चहा पिऊन राहिल्या होत्या, तिकडच्या, पुण्याकडच्या असतील, बोलणं एकदम इस्त्री केलेलं. मले पाहून त्यायनं कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "मॅडम, मले जेल नका करू. माझी पोट्टी दोन वर्षाची आहे, बाहेर उभी आहे."

मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. "काय आणलंय तुम्ही?"

आता सांगाचं कसं? मले आहेर एकाच तऱ्हेनं सांगता येते. मी हात जोडले, श्वास घेतला अन् मांडवात सांगतात तसं सुरू केलं, "श्रीमती निर्मलाबाई, साकोली, यायच्याकडून अत्तराची बाटली एक, लाख रुपये! शेजारच्या वहिनीकडून कांबळ एक, सात हजार! खालच्या मजल्यावरच्या ताईकडून मिक्सर एक, दहा हजार!"

माझा आवाज एवढा निघते हे मले पण मालूम नव्हतं. हिरव्या रस्त्यावरचे लोकं थांबून पाहाले लागले. त्यात साकोलीच्या मेडिकल दुकानाची वहिनी पण होती, आमच्याच विमानात होती. तिचं अन् काकूचं एका हळदीकुंकवापासून वाकडं. वहिनी आपली गाडी घेऊन सरकत सरकत आली अन् टेबलाच्या बाजूले गाडीवर कोपर टेकवून उभी राहिली, पिक्चर पाहाले उभी राहावी तशी.

मॅडमनं मले खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "हे बघा ताई, प्रवाशाला एका रकमेपर्यंतच्या भेटवस्तू बिनकर आणता येतात. त्याच्या वर गेलं तर जेवढं वर गेलं, तेवढ्यावर ड्युटी. भरली की झालं. जेल वगैरे काही नाही. अत्तराचं बिल आहे का?"

"आहेराचं बिल कोणी मागते का मॅडम?"

मॅडमनं डबी उघडली. बाटली फिरवून फिरवून पाहिली, कुठंच काई लिहिलेलं नाही. झाकण दाबलं तर निघेना, जोरात दाबलं तर झाकणाचा सोनेरी टोप उडाला अन् अर्धं अत्तर माझ्या पदरावर. मॅडमले खोकला आला. मले शिंका. पांढऱ्या वर्दीवाला दूरून नाक धरून आला.

मेडिकलवाली वहिनी म्हणाली, "अगंबाई, ओळखीचा वास आहे. आमच्या दुकानात मच्छराची अगरबत्ती येते ना, तसाच."

तेवढ्यात काकू पोचली, धापा टाकत. तिच्या कानात फक्त मच्छर शब्द पडला. "कोणाचा मच्छर? लाखाचं अत्तर आहे ते!"

मॅडम शांत बाई. म्हणाल्या, "मावशी, अशा बाटल्या रोज बघते मी. मी याची किंमत हजारभर धरते. सगळं मिळून काहीच कर लागत नाही. जा तुम्ही दोघी, पोरगी वाट बघत असेल."

अहो, मी उठली पण होती! एक पाय दरवाज्याकडे टाकला पण होता!

वहिनी म्हणाली, "हजारभर. हं." बस, एवढंच.

काकूनं पदर खोचला. "मॅडम, हजार कसे लिहिता? देणारी मी आहे. वीस बायायसमोर दिलं. लाखाचं आहे. लाख लिहा."

"मावशी, लाख लिहिलं तर ड्युटी लागेल."

"लागू द्या."

"लोक इथं येऊन किंमत कमी सांगतात. तुम्ही वाढवून का सांगताय?"

"वाढवून? मी वाढवून सांगून राहिली? विचारा हिले! तिच्यासमोर दिलं!"

अन् सगळे माझ्याकडे पाहाले लागले. मॅडम, काकू, वहिनी, पांढऱ्या वर्दीवाला.

त्या घडीले माझ्या पोलक्यात पगाराचं पाकीट होतं. त्यातच माझी खोली, माझा नळ, माझी टाकी. मॅडमनं मशीनवर आकडा काढला होता, तेवढा कर मी भरला असता तर टाकी गेली अन् अर्धी फरशी पण गेली. अन् मी नुसतं एवढं म्हटलं असतं का "काकू, मी खांबामागं उभी होती," तर माझा एक पैसा गेला नसता. पण वहिनी तिथं कोपर टेकवून. सायंकाळपर्यंत साकोलीत घरोघर गेलं असतं का निर्मलाबाईनं मालिशवालीले फुकटची बाटली लाख म्हणून दिली. मंग काकूनं मले कोणाच्या घरी उभं राहू दिलं असतं? टाकी असती अन् तिच्याखाली आंघोळीले लेकरूच नसतं.

काकू माझ्याकडे पाहून राहिली होती. मी तिले कधी तशी पाहिली नव्हती. हनुवटी वर, अन् डोळे माहीसारखे, दूध सांडल्यावर करते तसे.

मी म्हटलं, "लाखाचंच आहे मॅडम."

अन् पोलक्यात हात घालून पाकीट काढलं. आयुष्यात पयल्यांदा माझा हात घाबरला.

काकूनं माझ्या हातावर फटकाच मारला. "ठेव ते आत! आहेर देणारी मी, अन् कर भरन मालिशवाली? मी साकोलीत तोंड दाखवू का नको?" अन् पर्समधून कार्ड काढून टेबलावर आपटलं. "घ्या. पूर्ण घ्या."

मॅडमनं तिले तीनदा समजावलं. मी मोजलं. तिसऱ्यांदा तर म्हणाल्या, "मावशी, मी सोडतेय तुम्हाला. सोडतेय." काकू म्हणाली, "तुमी सोडसान, लोकं सोडत नाहीत." मंग मॅडमनं काकूकडून कागदावर लिहून घेतलं का वस्तू मी दिली अन् किंमत मीच सांगून राहिली. काकूनं असं घोटून लिहिलं का पेन कागदातून पार झाला. तिकडे पांढऱ्या वर्दीवाला वहिनीले विचारून राहिला होता, "ये दोनों रिश्तेदार हैं क्या?" वहिनी म्हणाली, "पता नहीं भैया, अब तो मुझे भी पता नहीं."

पावती निघाली. मोठी, शिक्क्याची. नाव माझं, काहून का आणणारी मी. खाली वस्तू, अत्तर, अन् समोर किंमत, एक लाख. मॅडमनं ते माझ्या हातात दिली अन् हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्या एवढ्या नोकरीत अशी ड्युटी मी पहिल्यांदा घेतली. जपून वापरा हो उरलेलं."

काकूनं पावती माझ्या हातून घेतली, वहिनीच्या नाकासमोर नेली अन् विचारलं, "वाचता येते ना?"

वहिनीनं वाचली. दोनदा वाचली. तिची मान खाली गेली अन् गाडी पुढं गेली.

बाहेर आमच्या घरचे उभे होते, उसनी मागून आणलेल्या कारच्या बाजूले, माहीले कडेवर घेऊन. मी पळत गेली, हात लांब केले. माहीनं नाक मुरडलं. मंग तोंड फिरवलं. मंग बापाच्या मानेत शिरून ओरडली, "आई नाई! ही आई नाई!" दोन महिने मी या घडीची वाट पाहिली अन् माझ्या पोट्टीनं मले वासावरून नापास केलं. मी तिथंच रस्त्यावर पेटी उघडली. लोकं पाहून राहिले, पाहू द्या. तेलाची बाटली काढली, दोन्ही हाताले चोपडली, तोंडाले चोपडली, पदर आत खोचून टाकला. मंग जवळ गेली. माहीनं एक बोट माझ्या गालाले लावलं, बोट नाकाशी नेलं अन् मुकाट्यानं माझ्याकडे आली. आली ते साकोलीपर्यंत सुटली नाही.

गाडीत चारही काचा खाली. तरी आमच्या घरच्यायचं डोकं उठलं. भंडाऱ्याच्या पुढं त्यायनं गाडी थांबवली, "चहा आणतो" म्हणून जे गेले ते टपरीवरच हवा खात बसले. गाडीत मी, झोपलेली माही, अन् काकू. काकू खिडकीतून बाहेर पाहून राहिली होती. आवाज एकदम लहान करून म्हणाली, "रंजू, त्या दिवशी दुकानात तू कुठं होती?"

मी म्हटलं, "खेळण्यायकडे होती काकू."

"खेळणे वरच्या मजल्यावर होते. ढकलगाडी घेऊन तू वर गेली होती का?"

मी माहीच्या कपाळावरचे केस मागं केले.

"पाहिलं होतं ना तू?"

"हौ काकू."

"मंग बोलली काहून नाई? मी तिथं नोटांची होळी करून राहिली, अन् तू म्हणते लाखाचंच आहे!"

"तुमी वहिनीसमोर एवढ्या जोरात म्हणाल्या, मले वाटलं तुमाले कर भारी नसन."

"भारी नसन? माय माझे! दुकानातल्या चहाले पावशेर साखर जास्त आली तर मी नोकराले हिशोब पुसते!" काकू माझ्याकडे वळली. "टोपलीवर किती लिहिलं होतं, पाहिलं होतं का?"

"पाहिलं होतं. पण मले दिली ते तर फुकटची होती ना."

काकूनं तोंडावर पदर दाबला. मले वाटलं रडून राहिली. मी घाबरली, पाठीवर हात ठेवाले गेली, तर बाई हासून राहिली होती. पोट धरून. मले पण हासू फुटलं. माहीले जाग येऊ नये म्हणून दोघी आवाज दाबून हासत होतो, गाडी हालून राहिली होती. आमच्या घरचे चहाचे दोन ग्लास घेऊन आले अन् बाहेरच उभे राहिले, त्यायले वाटलं का अत्तर डोक्यात गेलं.

खोली झाली. टाकी बसली. बाया येतात. पण खरं सांगू का, तो कर काकूनं भरला ते मले अजून पोटात टोचते. मी एक शब्द बोलली असती तर तिचे पैसे वाचले असते, अन् मी स्वतःच्या भाकरीसाठी चूप बसली. तिच्या अब्रूसाठी बसली असं मी लोकायले सांगते. दोन्ही खरं असन.

पावतीची झेरॉक्स काकूच्या दुकानात गल्ल्याच्या मागं आहे, प्लास्टिकमधी बसवून. गिऱ्हाईक साडीच्या भावावरून घासाघीस कराले लागलं का काकू बोट दाखवते, "आमचा भाव सरकार पण मानते."

अन् हे दिवाळी अंकात लिहाचं ठरलं तवा मी आधी काकूकडेच गेली. नाव बदलून लिहीन, काई ओळख ठेवणार नाही, असं म्हटलं. पण मेडिकलवाली वहिनी दिवाळी अंक घेते, तिच्या ध्यानात आल्याबिगर राहणार नाही, हे पण सांगितलं. फुकटची गोष्ट गाळू का, म्हणून विचारलं. काकूनं कापड मोजता मोजता थोडा विचार केला.

"येऊ दे ध्यानात. फुकट मिळालेल्यावर कर भरला म्हणजे माझी छाती केवढी असन, ते पण समजू दे तिले," काकू म्हणाली. "सगळं लिही. फक्त तुमच्या घरच्यायले जो आकडा सांगितला होता ना फोनवर, तोच छापाले दे. दीड."